कोरा बिल्ला

जमीन हलली तेव्हा सासू-सून बटाटे काढत होत्या. सून पुढे कुदळ मारत होती, सासू मागून बसत बसत ढेकळं फोडून बटाटे पाटीत टाकत होती. सुनेनं कुदळ घातली आणि खालून कुणीतरी ती उलटी ढकलली, असंच तिला वाटलं. मग वाफे उठले. सासू बसल्या जागी आडवी झाली आणि पाटीतले बटाटे टुणटुण उड्या मारत बाहेर आले. गावाकडून पोती एकावर एक आपटल्यासारखा आवाज आला. त्या घरांच्या भिंती होत्या.

हादरा थांबल्यावर सुनेनं आधी टेकडीपलीकडे पाहिलं. अणुवीज प्रकल्पाचा घुमट जागेवर होता, चिमणी सरळ होती. तिला हायसं वाटलं. नवरा आज तिथे नव्हता, घरी खाटेवर पडून होता, तरीही सवयीनं ती आधी तिकडेच बघायची.

सासूला उठवून ती घराकडे पळाली. मागची भिंत गोठ्यावर बसली होती. नवरा अंगणात उभा होता. गाईचं दावं हातात, आणि त्यानं गाईला धरलंय की गाईनं त्याला, हे सांगता आलं नसतं. धाकटा दीर विटांच्या ढिगात कमरेइतका उतरून वासराला शोधत होता आणि शोधता शोधता बडबडत होता. त्याची जीभ भूकंपातही थांबली नाही. भिंत बांधणाऱ्या गवंड्याला त्यानं एवढ्या शिव्या घातल्या की थोरल्याला हसू आलं. हसताना त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि ते त्यानं गुपचूप बाहीला पुसलं. सुनेनं पाहिलं. महिनाभर ती हेच पाहत होती.

वासरू मेलेलं निघालं.

आता बिल्ल्याचं सांगायला हवं. प्रकल्पात आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. आत जे असतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, पण ते अंगात मुरतं. किती मुरलं ते बिल्ला मोजतो. वर्षाचं माप ठरलेलं असतं. माप भरलं की माणूस बिनपगारी घरी बसतो आणि वर्ष उलटलं की बिल्ला पुन्हा कोरा होतो. अंग कोरं होतं का, ते कुणी विचारत नाही.

थोरला गॅस कटरनं लोखंड कापायचा. कटरवाल्याला सगळ्यात वाईट खोल्यांत घालतात, म्हणून त्याचं माप सगळ्यांच्या आधी भरायचं. धाकट्याला थोरल्यानं कटर शिकवला होता, पण मुकादमानं त्याला बाहेरच्या आवारात गवत कापायला लावलं होतं. गवत कापून बिल्ला कशाला भरतोय? युक्ती मुकादमाचीच. या वर्षी पहिल्या दिवसापासून थोरला धाकट्याचा बिल्ला लावून आत जाऊ लागला आणि धाकटा थोरल्याचा लावून गवत कापू लागला. धाकट्याचा भरला की थोरल्याचा कोरा हाताशी असेल. घरात बियाण्याचं करतात तसंच, आधी उघडं पोतं संपवायचं आणि शिवलेलं ठेवून द्यायचं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपडं, बिल्ल्यावरचा फोटो कोण बघतो? आणि एखादी खोली फारच वाईट असली तर तोही बिल्ला मोज्यात गुंडाळून बाहेर ठेवायचा. हे सगळेच करायचे. शहाणपण म्हणून करायचे. चार साहेबांना ठाऊक होतं आणि चौघांनीही ठाऊक नसल्याचा पगार घेतला.

म्हणून त्या दिवशी बिल्ल्यांचा हिशेब असा होता. ज्यानं वर्षभर गवत कापलं तो धाकटा गळ्यापर्यंत भरलेला. आणि ज्याला चालताना भिंत धरावी लागत होती, जो आठवड्यापूर्वी न्हाणीत चक्कर येऊन पडला होता, तो थोरला नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा कोरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरचा भोंगा फिरला. सगळ्यांनी निघायचं, माणशी एक पिशवी घ्यायची, जनावरं ठेवायची. कुठे जायचं आणि किती दिवसांसाठी, ते भोंग्याला ठाऊक नव्हतं. सासू गाय सोडायला तयार नव्हती. वासरू गेलेलं, गाईची कास दगडासारखी झाली होती, आणि सासू तिच्या पोटाला डोकं लावून धारा काढत होती. दूध सरळ मातीत जात होतं. पिऊ नका असंही भोंग्यानं सांगितलं होतं.

तेवढ्यात प्रकल्पाची जीप अंगणात आली. मुकादम उतरला आणि मागून एक तरुण साहेब. साहेबाच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती आणि रात्रभर तो झोपलेला नव्हता हे त्याच्याकडे बघून कळत होतं. त्यानं नमस्कार केला, विटांवरच बसला आणि घरातल्या माणसांना समजेल असं सांगितलं. जळून झालेलं इंधन ज्या टाकीत बुडवून ठेवतात तिचं पाणी उतरतंय. वीज गेलीय, पंप बंद आहेत. अग्निशमनच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत, पण त्यांचं पाणी आत सोडायचा व्हॉल्व्ह एका लोखंडी दारामागे आहे आणि धक्क्यानं ते दार चौकटीत चेपलंय. कापल्याशिवाय उघडत नाही. दोन कटरवाले होते. एकावर छप्पर पडलं, दुसरा सापडत नाही. पाणी अजून उतरलं तर गाव रिकामं करायलाही सवड मिळणार नाही.

मुकादम म्हणाला, या घरात दोन कटर धरणारे आहेत. धाकट्याचं माप भरलंय, त्याला फाटकावर सोडणार नाहीत. थोरला कोरा आहे.

बोलताना तो थोरल्याकडे बघत नव्हता. जीपच्या चाकाकडे बघत होता.

थोरला खाटेवरून उठला. उठायला त्याला दोनदा जोर करावा लागला. ते साहेबानंही पाहिलं असावं, कारण बरं नाही का, असं त्यानं विचारलं. थोरला म्हणाला, भिंत पडली तेव्हा लागलं थोडं.

सून चुलीपाशी भांडी पिशवीत भरत होती. ती उठून मधे आली. आजवर ती कुठल्या साहेबाशी बोललेली नव्हती. जमीन घ्यायला साहेब आले होते तेव्हाही तिनं आतून फक्त पाण्याचे पेले बाहेर सरकवले होते.

"साहेब, यांचा बिल्ला खोटा आहे," ती म्हणाली. "आत हेच जातात. वर्षभर हेच गेले, भाऊजींचा बिल्ला लावून. यांचं रक्त थांबत नाही. तोंड उघडून बघा त्यांचं."

साहेबानं चष्मा काढला, पुन्हा घातला. मग तो धाकट्याकडे वळला.

"म्हणजे तू कोरा आहेस?"

धाकट्याच्या दोन्ही हातांत विटा होत्या. हा पोरगा झोपेत बोलायचा, जेवताना बोलायचा, तापात बोलायचा. त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

सुनेनं तेव्हा पहिल्यांदा ओळखलं आपण काय केलं ते. तिला नवऱ्याला वाचवायचं होतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्याच्या जागी कुणीतरी जाणार, आणि ते कुणीतरी विटा हातात धरून समोर उभं आहे, इथवर तिचा विचार पोचलाच नव्हता.

गाईच्या पोटाआडून सासूचा आवाज आला. ती उठलीही नाही, धार काढायचीही थांबली नाही.

"तिचं मनावर घेऊ नका साहेब. भिंत पडल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. ज्याचा बिल्ला त्याच्याच अंगावर असतो. मी आई आहे, मला ठाऊक नसेल?"

साहेबानं मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, बिल्ले बदलणं गुन्हा आहे, माझ्या माणसांत असलं काही चालत नाही. हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की सुनेला क्षणभर आपलंच खोटं वाटलं.

साहेबापाशी वेळ नव्हता. तो थोरल्याला म्हणाला, तूच सांग.

थोरल्यानं आईकडे पाहिलं. आईची पाठ दिसत होती, दोन्ही कोपरं खालीवर होत होती. मग भावाकडे पाहिलं. बायकोकडे शेवटी पाहिलं.

"आई म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला आणि बूट शोधू लागला.

एक बूट विटांखाली होता. धाकट्यानं हातातल्या विटा खाली टाकल्या, गुडघ्यावर बसून बूट ओढून काढला, झटकला आणि भावाच्या पायात घातला. नाडी बांधायला त्याला जमेना. थोरल्यानं वाकून स्वतः बांधली. बायकोला एवढंच म्हणाला, गाय मोकळी सोड, दाव्याला ठेवून जाऊ नकोस. जीप गेली. सासूनं उरलेली धार काढली, मग उठली.

आत काय झालं ते नंतर बरोबरच्यांनी सांगितलं. चौघांनी सिलिंडर उचलून नेले. घोट्याएवढं पाणी, अंधार, वर लोंबणाऱ्या तारा. जास्त झालं की कर्कश वाजणारं यंत्र अख्ख्या टोळीत एकच होतं, बाकीची ज्या खोलीत होती ती खोली उरली नव्हती. ते यंत्र साहेबाच्या छातीवर होतं आणि ते दाराआधीच्या वळणावरच वाजू लागलं. वाजलं की मागे यायचं आणि दुसऱ्यानं पुढे जायचं, असं ठरलं होतं. पण कटर धरणारा दुसरा होताच कुठे? थोरल्यानं गुडघ्यावर बसून खालची बिजागरी कापली. ज्योत दोनदा विझली. नळीला चीर गेली होती, तिच्यावर त्यानं अंगठा दाबून धरला. मास्कची काच धुक्यानं भरली तेव्हा तो त्यानं वर सारला. साहेब ओरडला, मास्क लाव. थोरला म्हणाला, मग कापू कुठे? शेवटच्या बिजागरीला तो दाराला खांदा टेकून उभा होता, कारण नुसतं उभं राहणं त्याला जमत नव्हतं. साहेब बॅटरी धरून शेवटपर्यंत तिथेच होता. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. दार पडलं, बाकीचे आत घुसले, चाक फिरलं आणि पाणी सुटलं.

गावं वाचली. गावांना ते कळलं नाही. ती तेव्हा बसमध्ये होती.

गावाला एका शहरातल्या शाळेच्या सभागृहात ठेवलं. दारातच अंगावरून यंत्र फिरवलं. बायकांची रांग वेगळी, पण पडदा आखूड होता. सासूच्या डोक्यावर यंत्र टकटक करू लागलं तेव्हा हातमोजे घातलेल्या एका मुलीनं तिची वेणी मुळापासून कापली आणि पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधलं. मुलगी चांगली होती, आजी लवकर वाढतील हो, म्हणाली. सासूनं मानेवरून हात फिरवला. सभागृहात आधी आलेल्या लोकांनी आपल्या चटया ओढून घेतल्या. कुणी वाईट बोललं नाही, फक्त मधे एक पट्टा मोकळा राहिला. धाकटा त्या पट्ट्याच्या कडेला बसून राहायचा. त्यानं बोलणं सोडलं होतं. ओळखीची माणसं येऊन विचारायची, अरे रेडिओ बंद का? तो हसल्यासारखं करायचा.

थोरल्याला त्याच शहरातल्या इस्पितळात आणलं. सून दिवसभर त्याच्यापाशी असायची, सासू दुपारी यायची. आधी उलट्या झाल्या, मग थांबल्या. दोन दिवस तो इतका बरा दिसला की उशीला टेकून बसला आणि बटाट्यांचं विचारू लागला. जमिनीत राहिले तर कोंब येतील, म्हणाला. मग केस उशीवर राहू लागले. तोंड आतून सोलवटलं आणि पाणीही चमच्यानं घालावं लागू लागलं. डॉक्टर बाई कोड्यात पडल्या. एवढ्या वेळात एवढं व्हायला नको होतं, म्हणाल्या. ह्यांचं रक्त आधीपासूनच संपत आलं होतं, आधी कुठे काम केलं? सुनेनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी प्रकल्पात विचारलं. प्रकल्पानं कळवलं, या माणसाचा बिल्ला अपघातापर्यंत कोरा होता. डॉक्टर सुनेला म्हणाल्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वासाचं औषध त्यांच्याकडे नव्हतं.

सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडणही नव्हतं. एक चमच्यानं पाणी घालायची, दुसरी फडकं धरायची. हात एकमेकींना लागायचे. थोरला दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि डोळे मिटायचा.

मग वरून हुकूम आला. संकटाचे दिवस आहेत, माणसं कमी पडतात, म्हणून माप वाढवलं. अंग तेच, विष तेच, आकडा तेवढा मोठा केला. काल गळ्यापर्यंत भरलेला बिल्ला आज अर्धाही भरलेला उरला नाही. मुकादम सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं या वेळी कुणाकडेच बोट दाखवलं नाही. पाण्याच्या नळ्या फुटतायत, माणसं हवीत, एवढंच म्हणाला.

धाकटा सकाळीच इस्पितळात आला. सासू तेव्हा सभागृहात होती. तो भावाच्या पायांपाशी उभा राहिला. थोरला झोपेत होता. धाकट्यानं वहिनीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि बऱ्याच दिवसांनी बोलला.

"वहिनी, मी जातोय. आईला सांगू नकोस. गाईला बघायला गेलोय म्हण."

ती म्हणाली, भाऊजी, कुणी नाव घेतलेलं नाही तुमचं.

"म्हणूनच. त्या दिवशी घेतलं होतं, तेव्हा मी विटा धरून उभा होतो." मग तो जुन्या सवयीनं म्हणाला, "तसंही गवत कापून कापून कंबर गेली माझी." आणि जिना उतरून गेला.

तिनं हाक मारली नाही. मारायला हवी होती का, हे तिनं स्वतःला नंतर पुष्कळ वेळा विचारलं. त्या क्षणी तिच्या मनात एवढंच आलं, कळू दे म्हातारीला. आलं आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

दुपारी सासूनं विचारलं, धाकटा कुठे दिसला नाही. सून म्हणाली, गाईला बघायला गेलाय. तिकडे सोडतात का, सासूनं विचारलं. सून म्हणाली, जनावरवाल्यांना सोडतात. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. सासूनं मान हलवली.

तिसऱ्या दुपारी थोरल्यानं पाणी घेतलं नाही. ओठांवरून ते उशीवर उतरलं. डॉक्टर बाई आल्या, बघितलं, नर्सला हळू काही सांगितलं आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून गेल्या. त्याचा श्वास चालू होता, पण मधे मधे तो थांबायचा आणि दोघी पुढच्या श्वासाची वाट बघायच्या.

सासूनं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं. कापलेल्या केसांमुळे तिचं तोंड लहान पोरीसारखं दिसत होतं.

"दोघांतला एक मागत होते," ती म्हणाली. "मी तुझा दिला."

सुनेनं उशीवरचं पाणी पदरानं टिपलं.

"तुझ्या पोटी काही नव्हतं. धाकट्याचं अजून सगळंच व्हायचं होतं. मी तेवढंच बघितलं. धार काढता काढता बघितलं, एवढ्याशा वेळात." तिनं थोरल्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. "हाही माझ्याच पोटचा, हे मी नंतर बघितलं."

तिनं माफी मागितली नाही. तशी ती कधीच मागत नसे. सुनेच्या घशाशी दोन दिवसांपासून जे अडून होतं ते वर आलं. गिळता आलं असतं. तिनं गिळलं नाही.

"भाऊजीही आतच आहेत," ती म्हणाली. "माप वाढवलंय. परवा गेले, आपल्या पायांनी. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

तिला वाटलं होतं म्हातारी कोसळेल, ओरडेल, निदान आपल्यावर हात उगारेल. तिला ते हवं होतं. सासू नुसती बघत राहिली. मग खाटेची कड धरून उठली, चपला शोधून पायात घातल्या, पदर डोक्यावरून घेतला, कारण डोक्यावर आता दुसरं काही नव्हतं.

"फाटकाकडे कोणता रस्ता जातो?" तिनं विचारलं.

सून म्हणाली, आई, बसा. रस्ते बंद आहेत. फार लांब आहे. सोडणार नाहीत.

"तू याच्यापाशी बस," सासू म्हणाली, "तू बस," आणि पडद्याबाहेर गेली.

सून उठली. मागून पुन्हा श्वास थांबला. ती वळली, वाकली, वाट पाहिली. श्वास आला. आता तिला खाट सोडता येत नव्हती. तिनं नवऱ्याचा हात न सोडता मान लांब करून खिडकीतून खाली पाहिलं.

खाली रस्ता माणसांनी भरला होता. प्रकल्पाच्या बाजूची सगळी गावं अजून येत होती. गाड्यांवर गाद्या बांधलेल्या, सायकलींना पिशव्या, कडेवर पोरं. त्या सगळ्या गर्दीत सासू तेवढी उलट्या तोंडानं चालली होती. ती कुणाला तरी थांबवायची, काही विचारायची. तो माणूस तिला आपल्याच वाटेचा, शहराचा रस्ता दाखवायचा. ती मान हलवून पुढे व्हायची आणि पुढच्याला विचारायची. पुढचाही हात उचलून तिकडेच दाखवायचा. एका बाईनं तर तिचा खांदा धरून तिला सरळ तोंड करून दिलं, म्हातारी चुकलीय असं समजून.

सासूनं तिचा हात काढला आणि पुन्हा वळली.

सुनेच्या हातातला हात थंड होत होता. तिनं तो चोळायला घेतला. म्हातारी दिसेनाशी होईपर्यंत ती तो चोळत राहिली, आणि नंतरही.